अक्काच्या पायांवरचे लाल ठिपके

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आजारपण ठाऊकच नव्हतं. दाजींबरोबर ती हुबळीच्या बाजारात साड्यांचं दुकान चालवायची, दिवसभर उभी. त्या उन्हाळ्यात मात्र ती बसून साड्या दाखवायला लागली. दंडावर काळेनिळे डाग दिसले तर म्हणाली, "गठ्ठे लागले असतील गं." पाळी थांबायचं नाव घेईना, ते तिनं वयावर ढकललं. अंगात बारीक ताप असायचाच. दात घासताना रक्त यायला लागलं, तेव्हा मी तिला ओढतच देशपांडे नगरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

मला वाटलं, शक्तीची औषधं देतील. बाईंनी पापण्या खाली ओढून पाहिल्या, मान चाचपली, पोट दाबलं. मग साडी घोट्यावरून जरा वर घ्यायला सांगितली. नडग्यांवर मोहरीहून बारीक लाल ठिपके होते. बाईंनी त्यांवर बोट दाबून धरलं. ठिपके फिके झाले नाहीत.

"घामोळं असेल," अक्का म्हणाली.

"घामोळं दाबल्यावर फिकं होतं. रक्त आजच तपासू, उद्यावर नको."

संध्याकाळी बाईंचाच फोन आला. रक्ताचा कर्करोग असावा, लगेच मोठ्या दवाखान्यात न्या, म्हणाल्या.

तिथं निदान पक्कं झालं. "वेळेत आणलंत," तिथले डॉक्टर म्हणाले. त्या दोन शब्दांवर आम्ही जगलो. केमो सुरू झाली. केस गेले, तोंड आतून सोललं, पाणीसुद्धा गिळवेना. मग जंतुसंसर्ग झाला, तो काही केल्या हटेना. एकदा सुई टोचायला आलेल्या नर्सला अक्का कन्नडमध्ये म्हणाली, "साकु, सिस्टर." पुरे. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

पावसाळा संपायच्या आत ती गेली.

डॉक्टरबाई घरी भेटायला आल्या. दाजींनी विचारलं, "आणखी आधी आणलं असतं तर?"

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. "तिच्या आजाराचा प्रकारच वाईट होता, अण्णा. काहींचा लवकर कळूनही औषधांना ऐकत नाही."

दोष द्यायला दाजींना कुणीतरी हवं होतं, निदान स्वतः तरी. तेही राहिलं नाही.

लोक अजून म्हणतात, लवकर कळलं ते बरं झालं. मला ऐकवत नाही. आता दुकानात दाजींसोबत मी बसते. गिऱ्हाईक आलं की मीच उठते.