तत्परतेने
डोंबिवलीत आमचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. व्हीलचेअर, वॉकर, वॉटरबेड, लागेल ते घेऊन जा, काम झालं की आणून द्या. ध्येय वगैरे लिहून न ठेवता आम्ही चौदा वर्षं हे करत होतो आणि कोणाची तक्रार नव्हती. मग एका देणगीदाराच्या फॉर्मवर ‘संस्थेचे ध्येय, एका वाक्यात’ अशी चौकट निघाली.

त्यासाठी रविवारी सकाळी सभा बोलावली. सभा म्हणजे अध्यक्ष, खजिनदार बाई, एक सभासद आणि सेक्रेटरी मी. केंद्रातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजारच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वाढदिवसाच्या कार्यक्रमाला नेल्या होत्या. म्हणून आम्ही तिघे पुरुष कोपऱ्यातल्या तीन व्हीलचेअर ओढून त्यांत बसलो. खजिनदार बाईंना ते अशुभ वाटलं; त्या वॉटरबेडच्या खोक्यावर बसल्या. व्हीलचेअरला पाय ठेवायला पट्ट्या होत्याच, तेव्हा आम्ही पायही वर घेतले. खरं सांगतो, फार आराम वाटला.

तासभर गेला. गरजूंना साहित्य द्यायचं यावर एकमत होतं, पण अध्यक्षांना ते ‘तत्परतेने’ द्यायचं होतं आणि सभासदाला ‘आत्मीयतेने’. दोन्ही घातलं की वाक्य चौकटीबाहेर जाई. माझं डोकं उठलं होतं.

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. अंगावर शालू, केसांत गजरा, चेहरा घामाने डबडबलेला.

“काका, दोन तासांसाठी व्हीलचेअर मिळेल का? मागच्या गल्लीतल्या हॉलमध्ये भाचीचं लग्न आहे. बाबांना पॅरालिसिस झालेला. रिक्षाने आणलंय, पण उतरतच नाहीयेत. उचलून नेलेलं नातीला दिसायला नको म्हणतात. मुहूर्ताला वीसच मिनिटं राहिलीत हो.”

मी सवयीने कोपऱ्याकडे पाहिलं. कोपरा रिकामा होता.

“आत्ता शिल्लक नाही हो,” मी म्हणालो. “सगळ्या वापरात आहेत.”

शालूतल्या बाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं. मग पट्ट्यांवरच्या आमच्या पायांकडे. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“अगं बाई, सॉरी हं काका. तुमच्या कशा मागणार मी?” त्यांनी हात जोडले आणि निघून गेल्या.

“कुठे होतो आपण?” अध्यक्षांनी विचारलं.

“‘तत्परतेने’वर,” मी म्हणालो.

‘तत्परतेने’ मंजूर झालं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं. मग खजिनदार बाई म्हणाल्या, “त्यांना काय वाटलं असेल तुम्हा तिघांना बघून?”

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी उठलो आणि माझीच खुर्ची ढकलत निघालो. वयाच्या मानाने पळालोच म्हणा.

हॉलच्या दाराशी रिक्षा उभी होती. आत मंगलाष्टकं सुरू झाली होती. रिक्षात फेटा बांधलेले एक आजोबा ताठ बसले होते. डाव्या मुठीत अक्षता, डोळ्यांत पाणी. बाई त्यांच्या विनवण्या करत होत्या. मी धापा टाकत खुर्ची त्यांच्यासमोर उभी केली.

बाईंनी खुर्चीकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या पायांकडे बघत राहिल्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला चालता येतं?”

“येतं,” मी म्हणालो.