नारळ न घेणाऱ्या सुलभा मॅडम

सुलभा मॅडम सत्काराचा नारळ घेत नसत. शाल घ्यायच्या, फूल घ्यायच्या, नारळ पुढे आला की हात मागे. गारगोटीला त्या पोलिसांना, नर्सना आणि आम्हा गावच्या समितीतल्या बायकांना शिकवायला आल्या, तेव्हा मला वाटलं, बाईला गर्व आहे. मी चौथी शिकलेली, मागे बसले होते.

घरात मार खाणाऱ्या बाईच्या जिवाला किती धोका आहे, हे ओळखायचं कसं, एवढंच त्या शिकवत. "मार किती बसला ते नंतर विचारा. आधी विचारा, गळा आवळलाय काय? ज्यानं एकदा गळा धरला, त्याचं फक्त जीव घेणं राहिलेलं असतं. आणि सासूसमोर विचारू नका. सासूसमोर सगळ्याच सुखी असतात."

एक हवालदार म्हणाला, "मॅडम, आम्ही दोन्हीकडची माणसं बसवतो, ओटी भरतो, पोरगी नांदायला जाती. मिटलं की."

मॅडम म्हणाल्या, "मीपण एकीचं असंच मिटवलं. ओटीत नारळ मीच घातला. पोरीनं पदर गळ्याशी घट्ट धरला होता. का, ते विचारलं नाही. त्याच आठवड्यात नवऱ्यानं तिला मारून टाकली."

पुढं दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीतली रेखा माहेरी आली. मागोमाग नवरा साडी-नारळ घेऊन न्यायला हजर. तिच्या आईनं ओटीचं ताट केलं. रेखाचा आवाज पार बसला होता. "सर्दी हाय," आई म्हणाली. मी रेखाला घरामागच्या परड्यात नेऊन गळ्याचं विचारलं. तिनं 'व्हय' म्हणून मान हलवली. मी मॅडमना फोन लावला.

मॅडम त्याच हवालदाराला घेऊन आल्या. नवरा म्हणाला, "आमच्या घरचं हाय. तुम्ही कोण?"

"मी कुणी न्हाय," मॅडम म्हणाल्या. "पण ती आज येणार न्हाय."

रेखा गेली नाही. हवालदारानं तिला दवाखान्यात नेलं, तक्रार लिहून घेतली. आता ती वारणानगरला नोकरी करते.

मॅडम शेवटच्या आजारात होत्या, तेव्हा कोल्हापूरला जाऊन मी त्यांना रेखाचं सांगितलं. त्यांना ती आठवेना.

"जगल्या त्यांची तोंडं ध्यानात राहत न्हाईत गं. ती ओटी भरलेली पोरगीच येती. खाटंच्या पायथ्याला उभी राहती."

"आत्ता हाय काय?"

"हाय की."

मी पायथ्याची माझी खुर्ची जरा बाजूला घेतली.