मावशीने आणलेली मयताची भाकर

मी काही लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिणं मला परीक्षेपुरतंच ठाऊक. कुठे चुकलं तर माफ करा.

मागच्या वर्षी मी जीव द्यायचा प्रयत्न केला आणि वाचलो. माझ्यासोबत खोलीत राहणाऱ्या मित्राने दार तोडून मला दवाखान्यात नेलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा तो आपल्या गावी निघून गेला होता. त्याचा फोन बंद. माझ्यापायी त्याचं काय झालं असेल, या विचाराने मला झोप लागेना. डोळे मिटले की दारावरचे त्याचे धक्के ऐकू यायचे.

घरी आल्यावर एका दुपारी दारात मोठ्याने रडणं ऐकू आलं. दुसरबीडची मावशी होती. मी गेलो, असंच तिच्या कानावर पडलं होतं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. नातेवाईक पिठलं-भाकर बांधून आणतात. ती तेच घेऊन आली होती. मी आत बसून माझ्यासाठीचं रडणं ऐकत राहिलो. वाटलं, हिला कळलंय तेच खरं असावं.

शेवटी उंबऱ्यात येऊन उभा राहिलो. मावशी मटकन खाली बसली.

"जित्ता हायेस का रे बापा?"

"हाव."

"मंग आतमंदी काऊन बसला? माहं रडणं ऐकून राह्यला होता?"

आई भाकरीच्या फडक्याला हात लावेना. "ते मयताचं हाय. याले नको देऊ."

"भाकर भाकरच असते," मावशी म्हणाली आणि तिने गाठ सोडली.

आम्ही दोघं अंगणात जेवलो. खाता खाता माझ्या तोंडून गेलं, "मावशी, अजून बी येते मनात."

ती रागावली नाही. "आलं का मले सांगजो. कवाही फोन लाव."

ती मुक्कामी राहिली आणि मला बुलढाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मला बोलता येईना, तेव्हा म्हणाली, "सायेब, त्याले दम घेऊ द्या. आमाले घाई नाही." अजूनही आम्ही जातो. धक्के थांबले नाहीत, पण मधे झोप लागते.

परवा अनोळखी नंबरवरून फोन आला. मित्र होता.

"तुले पाहाची हिंमत होत नोती बे. मले बी डॉक्टरकडं जा लागलं."

"आता?"

"आता झोप लागते. सोमवारी कॉलेजात येऊन राह्यलो."