नर्सने अडवलेला प्रवास

१४ नोव्हेंबर २००७, बुधवार, रीडिंग, इंग्लंड. हजर: मी, नवरा श्रीकांत आणि आमच्या जीपी सर्जरीतली, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातली, नर्स प्रॅक्टिशनर जॅनेट. नर्स प्रॅक्टिशनर म्हणजे जादा शिक्षण घेतलेली नर्स. ती स्वतः तपासते, औषधही लिहून देते.

हॉस्पिटलातल्या स्कॅनचा रिपोर्ट तिच्यासमोर होता. डीप व्हेन थ्रॉम्बोसिस, म्हणजे पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी.

"विमानप्रवास नाही," जॅनेट म्हणाली. "गोळ्यांचं प्रमाण बसेपर्यंत तरी नाही."

शनिवारचं माझं नागपूरचं तिकीट होतं. आई पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी ऑपरेशन.

गेल्याच महिन्यात मी तिच्याकडून परतले, तेव्हापासून डावी पोटरी दुखत होती. फार चालणं झालं असेल म्हणून सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. एकच पाय सुजला, गरम लागला, तर त्याच दिवशी दाखवा.

रक्त पातळ करणारी इंजेक्शनं आणि गोळ्या जॅनेटनेच लिहून दिल्या.

"नर्सच्या सांगण्यावरून तिकीट रद्द करायचं?" गाडीत श्रीकांत म्हणाला. "खऱ्या डॉक्टरला विचारू." आम्हा मंडळींची ही पद्धतच: सर्जरीतून बाहेर पडलं की महाराष्ट्र मंडळातल्या डॉक्टरला फोन. श्रीकांतचा मित्र विवेक साउथहॅम्प्टनला डॉक्टर आहे. त्याने जॅनेटला खोडून काढावं, एवढंच मला हवं होतं.

"सल्ला बरोबर आहे, वहिनी," विवेक फोनवर म्हणाला. " गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. पण नर्सेसनी असं स्वतंत्रपणे काम करणं मला पटत नाही. आपल्याला काय माहीत नाही, हे कळायलाच आमची कितीतरी वर्षं जातात."

त्याचंही मला पटलं. पण माझं विमान गेलंच.

मग आईला फोन केला. ती सरकारी दवाखान्यातून मेट्रन, म्हणजे नर्सेसची प्रमुख, म्हणून निवृत्त झाली. मला वाटलं, रडेल.

"तपासलं कोणी?"

"नर्सने."

"आणि औषध?"

"तिनेच लिहिलं."



"आम्हाला कळायचं गं काय द्यायचं ते. पण डॉक्टर येईस्तोवर पेशंटचा हात धरून बसायचो." मग एकदम मेट्रनच्या आवाजात, "ऐक तिचं. येऊ नकोस. इथे वहिनी आहे तुझी, चहा वाईट करते, बाकी ठीक आहे."

सोमवारी मी फोनजवळ बसून राहिले. ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर येताना आई मला हाका मारत होती, असं वहिनीने सांगितलं. ते अजून पुसलं जात नाही.

आता माझ्या रक्ताचे रिपोर्ट स्थिर आहेत. जॅनेटने परवानगी दिली, मार्चचं तिकीट काढलं. तिचे आभार मानून झाले. आईला मात्र तिच्याशी स्वतः बोलायचंय. पहिलं औषध स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलं, त्या रात्री झोप लागली का, एवढंच विचारायचंय.

संध्याकाळी सर्जरीतून जॅनेट मोकळी होते, तेव्हा नागपुरात आई झोपलेली असते. हा फोन जोडून द्यायचा राहिलाय.