फ्यूजची तार

नवऱ्याला नाही, धाकट्या बहिणीला नाही, आईला तर नाहीच — ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. तुम्हाला सांगतेय, कारण गेल्या रविवारी नातीनं मला मोठा धक्का दिला. बिचारीला पत्ताही नाही.

मिहिका आठवीत आहे. तिची विज्ञानाची उजळणी मी घेते. आनंद नगरच्या या घरात आता मला दुसरं काम तरी काय आहे? घर्षण झालं, दाब झाला, सुवाहक-दुर्वाहक झाले. मग विचारलं — फ्यूजची तार बारीक का असते?

"सिंपल आहे ना, आजी. करंट जास्त झाला की ती स्वतः वितळते आणि घर वाचवते. मोटी तार लावली तर ती नाही वितळणार, बाकी सगळं जळेल. पण असं कोण करणार? एवढं बुद्धू कोण असतं?"

मी पुस्तक मिटलं. डोकं दुखतंय म्हणाले.

बुद्धू — नाही हो. बुद्धू असते तर बरं झालं असतं. मला ते उत्तर पाठ होतं.

बाबा इथल्याच, हिंदी मुलखातल्या सरकारी कारखान्यात होते आणि आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. तिथल्या रीती आज सांगितल्या तर खऱ्या वाटत नाहीत. वीज जवळजवळ फुकट, म्हणून घरोघरी स्वयंपाक कॉइलच्या हीटरवर. त्याला बंदी होती. तपासणीची माणसं गल्लीत शिरली की या घरातून त्या घरात निरोप जायचा आणि सगळे हीटर पलंगाखाली! शिवाय तांब्याची तार. मशीनच्या वाइंडिंगमधून उरलेले तुकडे कुणाच्या ना कुणाच्या खिशातून घरी यायचेच. आमच्याकडे वालाचा वेल त्याच तारेनं कुंपणाला बांधला होता. ही चोरी आहे असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

छमाही परीक्षा चालू होती. दुसऱ्या दिवशी विज्ञान. बाबा सेकंड शिफ्टला, आई शेजारी गेलेली. कडाक्याची थंडी, म्हणून मी पायाशी एक हीटर घेतलेला, स्वयंपाकघरात दुसऱ्यावर डाळ — आणि फ्यूज उडाला. आठवड्यापूर्वीही असाच उडाला होता. तेव्हा टाउनशिपचे लाइनमन, दुलीचंद भैया, येऊन तार बदलून गेले होते. आता पुन्हा त्यांना बोलवायचं म्हणजे हीटर लपवा, ऑफिसात जा, वाट बघत बसा. माझा धडा अर्धा राहिला होता. कोणता? तोच. विद्युतधारेचा.

मी कुंपणापाशी जाऊन वेलाची तार सोडवली. ब्लेडनं तिच्यावरचं रोगण खरवडलं — रोगण असलं तर वीज वाहणार नाही, हेही मला ठाऊक होतं. आधी मेन स्विच बंद केला. किती शहाणी मुलगी, नाही? स्टुलावर चढून ती जाड तार फ्यूजमध्ये पिळून बसवली. दिवे लागले. इतका आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, धडा पुस्तकात राहतो आणि घर वेगळं असतं. खरं म्हणजे तेवढाही विचार मी केला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न आला. आकृतीसह लिहिला.

त्यानंतर दोन-तीन संध्याकाळी काही झालं नाही. मग एकदा आई भाकरी थापत होती आणि भिंतीवरच्या वायरिंगच्या लाकडी पट्टीतून धूर निघाला. फ्यूज उडायला हवा होता. उडाला नाही. पट्टीनं पेट घेतला, खाली पडदा होता, आईनं तो हातानं ओढला. नायलॉनचा पडदा. तिच्या उजव्या हाताला तो चिकटला — ती किंचाळली तो आवाज माझ्या आईचा आहे हे मला पटेचना. त्या हाताची दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत. भाकरी थापणं सुटलं.

चौकशीला टाउनशिपचे साहेब आले. त्यांनी फ्यूजमधली तार चिमट्यानं बाहेर काढली आणि बाबांकडे पाहिलं. बाबांचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी मला विचारलं, फ्यूज कुणी बदलला? — आणि मी म्हणाले, दुलीचंद भैयांनी.

एका श्वासात. अडखळले नाही, रडले नाही. अजूनही मी सुन्न होते ती यामुळे — की खोटं इतकं सोपं असतं? वर ते अर्धं खरंही होतं; आधीच्या खेपेला त्यांनी बदलला होताच. अशी तार टाउनशिपमध्ये कुणाकडे नव्हती? कुणाला शंका आली नाही. दुलीचंद भैया कायम नोकरीत नव्हते, मस्टरवर, म्हणजे रोजंदारीवर होते. त्यांना काढून टाकायला कुणाच्या सह्या गोळा कराव्या लागल्या नाहीत.

मला वाटलं होतं, ते येऊन भांडतील. ‘मी नाही लावली ती तार’ म्हणून ओरडतील. मग मी... मग काय केलं असतं मी? माहीत नाही.

ते आले. पण हातात पेरूंची पिशवी घेऊन. आईच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघवेना त्यांना. दारातच उभं राहून म्हणाले, "भाभीजी, माफ कर दीजिए. जल्दी में जो तार हाथ आता है, लगा देता हूँ कभी-कभी. मुझे याद नहीं आ रहा, पर मैंने ही लगाया होगा. बच्ची झूठ थोड़ी बोलेगी."

मी खुर्चीत बसले होते. सगळं ऐकत होते.

आई म्हणाली, जाने दो भैया. डाव्या हातानं तिनं पिशवी घेतली. ते जायला वळले, मग थांबले आणि माझ्याकडे बघून हसले.

"और बिटिया, साइंस का पेपर कैसा गया?"

"अच्छा गया," मी म्हणाले.