तानीमावशीचं न्हाणं

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या आळीत बाळंतपण झालं, की तानीमावशीला निरोप जायचा. सोनिवलीच्या पलीकडच्या पाड्यावरून ती यायची, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, मग बाळंतिणीला पाटावर बसवून तेल रगडायची आणि पाठीवर कढत पाणी ओतायची. कुणी कुरकुरलं, की धपाटा ठरलेला. साहेबाची बायको असो की कामगाराची, न्हाणीत राज्य हिचं.

"गप बस. म्हातारपनी कंबर धरंल तवा माजी याद काढशील," म्हणायची.

माझा पहिला मुलगा आठवड्याचाही नव्हता, तेव्हा गेला. सासूबाईंनी मावशीला दारातच सांगितलं, आता यायला नको. दुसऱ्या दिवशी बाई हजर.

"बाल गेलं. बालंतीन हाय ना?" एवढंच बोलून तिने पाणी तापत ठेवलं. सव्वा महिना मला न्हाऊ घातलं. घरात त्या मुलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मावशीच्या हाताखाली मात्र मी रोज पोटभर रडून घ्यायचे. ती नसती, तर मला वेड लागलं असतं.

पुढे मावशीचेच गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, गरम पाण्याने शेका. ही कसली ऐकते! "मना गरम पानी सोसत नाय," हा एकच हेका. जन्मभर दुसऱ्यांना कढत पाणी घालणारी ही बाई स्वतः भर थंडीतही गार पाण्याने न्हायची. पाय कायमचे धरले, तर पाड्यावर एकटीचं कसं होणार, या विचाराने माझ्या जिवाला घोर लागला. शेवटी ब्याण्णवच्या माघात मी आणि शेजारच्या मालिनीताईंनी तिला वज्रेश्वरीजवळच्या गरम कुंडांवर न्यायचं ठरवलं. डोंगराच्या पायथ्याचं, देवाघरचं पाणी. त्याला ती नाही म्हणणार नाही, असं मी धरून चालले होते.

कल्याणहून एसटी पकडली. बरोबर दशम्या आणि लसणाची चटणी होती. मावशी वाटभर खिडकीतून डोंगर बघत होती. माहेरी निघाल्यासारखी खुशीत होती.

बायकांच्या कुंडात आम्ही दमादमाने उतरलो. पाणी चांगलंच ऊन होतं. अंग सैलावलं, बोलणंही थांबलं. मावशी मात्र काठावरच बसली आणि तांब्याने आमच्या पाठीवर पाणी घालू लागली. आमचं झाल्यावर ओळखीपाळखीच्या नसलेल्या बायकांनाही घालायला लागली. माझं डोकं फिरलं.

"इथेही कामच करायचं होतं, तर तुला आणलं कशाला?"

तिने तांब्या खाली ठेवला.

"मना एक पोर झाला व्हता. कान्हा. बारसं झालं नि चार दिसांनी गेला. चुलीवर माजं न्हानाचं पानी तापत व्हतं. सासूनं हंडा उतरवला. म्हनली, पोर नाय तं कसली बालंतीन. तवापासून कोनी गरम पानी दिला नाय. आपल्या हातानं कसा घ्यावा?"

मालिनीताईंनी तोंड फिरवलं. मी तांब्या उचलला.

"ये," म्हटलं. "मी घालते."

ती लुगडं सावरत, माझा हात धरून पायरी पायरी उतरली. गुडघे पोटाशी घेऊन, मान खाली घालून बसली. बाळंतिणी बसतात तशीच. मी तिच्या पाठीवर पाणी घातलं, खांद्यापासून कमरेपर्यंत रगडून चोळलं. तिची पाठ हलत होती. रडते आहे हे कळत होतं. मी थांबले नाही.

उन्हं उतरली, तशी मालिनीताईंनी एसटीची आठवण करून दिली. मावशीने मान वर न करताच विचारलं, "उंद्याला पन घालशील?"

मी हो म्हटलं. त्या दिवशी ती पाड्यावर परतली नाही. सव्वा महिना आमच्याकडे राहिली, आणि रोज सकाळी मी तिला न्हाऊ घातलं.