रामाच्या धनुष्याचा चाप

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत राम व्हायला एकच पात्रता लागायची: वडील सेक्रेटरी असणं. त्या वर्षीचा राम अंगाने चांगला भरलेला होता आणि त्याला धनुष्य काही ताणता येईना. दसऱ्याला कागदी रावण पाडायचा कसा? राम बदलावा असं कमिटीत कुणाच्या मनातही आलं नाही. धनुष्य बदलायचं ठरलं.

सेक्रेटरी आमच्याकडे आले. "नुसता चाप ओढला की बाण सुटेल असं काहीतरी करा ना. तुम्ही तर सध्या घरीच असता."

बाबा घरीच असायचे, कारण त्यांच्या कारखान्याला टाळं लागलं होतं. टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस आता दळण आणत होता. दसऱ्याला पाहुणे म्हणून जे शेठ येणार होते, त्यांचा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा होता आणि त्यांना फिटर हवा होता. थोडक्यात, आमचं घर प्रभू रामचंद्रांच्या एका बोटावर येऊन ठेपलं होतं.

धनुष्य बाबांनी मोडक्या बॅटवर आडवं बसवलं. चापाचं मात्र कॅलेंडरच्या पाठीवर रीतसर ड्रॉइंग झालं, जणू लढाऊ विमान बनवायचं होतं. दोरी अडकवायला खाच पाडलेली लोखंडी चकती आणि तिला खालून अडवणारा सायकलच्या ब्रेकचा तुकडा. तुकडा ओढला की चकती फिरायची, दोरी सुटायची. पहिल्यांदा ती आपल्या मर्जीने सुटली आणि बाणाच्या टोकाचा रबरी चेंडू आमटीत पडला. बाबा कानस घेऊन पुन्हा बसले. कितीतरी महिन्यांनी ते शीळ घालत होते. मला इतकं बरं वाटलं की आमटीबद्दल मी चकार शब्द काढला नाही.

खंडेनवमीला आईने पाटावर हत्यारं मांडली: पक्कड, कानशी, व्हर्निअर आणि मधोमध रामाचं धनुष्य. हळदकुंकू, झेंडू, कुंकू लावलेल्या अक्षता. नोकरीचा प्रश्न होता, म्हणून चापावर जरा सढळ हाताने. पूजेतल्या हत्यारांना त्या दिवशी हात लावायचा नाही, आणि दसऱ्याला सेक्रेटरी धनुष्य हारासकट उचलून घेऊन गेले.

संध्याकाळी रामाने चाप ओढला. काही झालं नाही. पुन्हा ओढला. रावण खुशाल उभा.

"रामाची वाट लागली रे," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

बाबा स्टेजवर गेले. खाचेतून नखाने काहीतरी काढलं, चाप ओढला, रावण आडवा झाला. टाळ्या अर्थातच रामाला मिळाल्या.

शेठ पुढे आले. "काम साफ आहे. पण अडकलं कशाने?"

आई आणि मी स्टेजला लागूनच उभ्या होतो. बाबांच्या चिमटीत तांदळाचा लाल दाणा होता. तो त्यांनी गुपचूप तोंडात टाकला.

"माझंच चुकलं, शेठ. खाच घट्ट राहिली."

"असं का? मग बघू," म्हणत शेठ नारळ घेऊन निघून गेले.

मला बाबांचा भयंकर राग आला. त्या माणसाची खाच जन्मात कधी घट्ट राहिली नव्हती. शेठच्या मागे धावत जाऊन खरं काय ते सांगावं म्हणून मी वळले आणि आईचा चेहरा दिसला. दाणा तिनेही पाहिला होता. मी जागची हलले नाही.